नव्या पुराव्याची जुनी गोष्ट

रात्रीचा रस्ता. थांबवलेली एक गाडी, तिच्या मागे पोलिसांची गाडी. गोळ्यांचे आवाज. आणि स्लो मोशनमध्ये हवेत उडालेला मिल्कशेकचा कप. तो डांबरावर आपटतो आणि आतलं सगळं रस्त्यावर पसरतं.

एरॉल मॉरिसच्या 'द थिन ब्लू लाइन' या १९८८ सालच्या डॉक्युमेंटरीत हा प्रसंग परत परत येतो. दर वेळी त्यात काहीतरी बदललेलं असतं. कधी गाडीत एकच माणूस आहे, कधी दोन. कधी दुसरी पोलीस अधिकारी नियमाप्रमाणे बाहेर उभी आहे, कधी मिल्कशेक घेऊन आतच बसली आहे. पहिल्यांदा वाटतं, दिग्दर्शकाला स्टाइल मारायची हौस आहे. वर फिलिप ग्लासचं गोल गोल फिरणारं संगीत, म्हणजे हौसच. तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात येतं की हा माणूस काय घडलं ते दाखवतच नाहीये. साक्षीदार जे सांगतात ते तो शब्दशः करून बघतोय, आणि ते जमतं का हे आपल्याला तपासायला लावतोय.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात. युजर सांगतो, अमुक बटण दाबल्यावर तमुक झालं. आपण वाद घालत नाही. तो सांगतो त्याच पायऱ्यांनी जातो आणि तसं होतं का ते बघतो. पायऱ्या चालवून बघितल्या की सांगण्यातली भोकं आपोआप दिसायला लागतात. मॉरिसने एका खुनाच्या खटल्याचं हेच केलं, आणि त्यातून एक माणूस तुरुंगाबाहेर आला. सिनेमाने माणसाचा जीव वाचवला, असं या फिल्मबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे. पण तेवढ्यावर थांबलं तर तिच्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हातातून निसटते. ती गोष्ट म्हणजे 'नवा पुरावा' हे दोन शब्द.

आधी प्रकरण थोडक्यात. २८ नोव्हेंबर १९७६ ची मध्यरात्र उलटून गेलेली, टेक्सासमधलं डॅलस शहर. रॉबर्ट वूड या पोलीस अधिकाऱ्याने हेडलाइट न लावता चाललेली एक गाडी थांबवली. तो खिडकीजवळ जाताच आतून गोळ्या सुटल्या आणि तो मेला. त्याची जोडीदार टेरेसा टर्को हिने गाडीचं वर्णन केलं ते व्हेगा म्हणून. पोलीस त्या वर्णनाच्या गाड्या शोधत बसले. गाडी निघाली मर्क्युरी कॉमेट, तीही चोरीची. ती चोरली होती व्हायडर नावाच्या छोट्या गावातल्या डेव्हिड हॅरिस या सोळा वर्षांच्या मुलाने. वडिलांचं पिस्तूलही त्याने उचललं होतं. गावी परतल्यावर त्याने मित्रांसमोर फुशारकी मारली होती की डॅलसमधल्या पोलिसाला मीच उडवलं.

पोलिसांनी धरल्यावर त्याने गोष्ट बदलली. गोळ्या झाडल्या त्या रँडल डेल अ‍ॅडम्सने, असं तो म्हणाला. हा अ‍ॅडम्स कोण? तर ओहायोहून कामाच्या शोधात आलेला, तिशीच्या आतला एक माणूस. पेट्रोल संपल्यामुळे तो रस्त्याने चालत होता, तेव्हा हॅरिसने त्याला लिफ्ट दिली. दोघे दिवसभर भटकले, रात्री ड्राइव्ह-इन थिएटरमध्ये सिनेमा बघितला. अ‍ॅडम्सचं म्हणणं एवढंच की त्यानंतर मी मोटेलवर गेलो आणि झोपलो.

आता तपासयंत्रणेपुढे दोन पर्याय होते. एक सोळा वर्षांचा, टेक्सासच्या कायद्याने ज्याला मृत्युदंड देता येत नाही असा. दुसरा देता येईल असा. पोलीस मेला होता, शहर संतापलं होतं. फिल्म दोघांना आळीपाळीने आपल्यासमोर बसवते. १९७७ मध्ये अ‍ॅडम्सला मृत्युदंडाची शिक्षा झाली. हिंसेचा काहीच इतिहास नसलेला हा माणूस सुटला तर पुन्हा खून करेल, अशी साक्ष जेम्स ग्रिग्सन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने दिली. अशा साक्षी देण्याबद्दल तो इतका प्रसिद्ध होता की लोक त्याला 'डॉक्टर डेथ' म्हणत. मॉरिस डॅलसला आला होता तो या डॉक्टरवर फिल्म करायला. त्यासाठी कैद्यांना भेटता भेटता त्याला अ‍ॅडम्स सापडला. या फिल्मच्या आधी मॉरिसने काही काळ खासगी गुप्तहेराचं काम केलं होतं, हेही ध्यानात ठेवा.

कोर्टाने एकदा 'दोषी' म्हटलं की मधलं सगळं वळण बदलतं. खटल्यात सरकारी पक्षाला सिद्ध करायचं असतं. निकालानंतर ते ओझं कैद्याच्या डोक्यावर येतं. आणि त्याला नुसतं 'मी केलं नाही' म्हणून चालत नाही. खटला नव्याने चालवा असं म्हणायचं तर सर्वसाधारण वाट एकच: नव्याने सापडलेला पुरावा.

अमेरिकेत या वाटेवर फार जुनं कुलूप आहे. १८५१ मध्ये जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बेरी नावाच्या खटल्यात काही अटी घालून दिल्या आणि पुढे बऱ्याच राज्यांनी थोड्याफार फरकाने त्याच उचलल्या. पुरावा खटल्यानंतर कळलेला असावा. आधी न कळण्यामागे तुमचा किंवा तुमच्या वकिलाचा हलगर्जीपणा नसावा. तो असा हवा की नव्या खटल्यात निकाल बहुधा वेगळा लागेल. आधीच्याच पुराव्याची ती पुनरावृत्ती नसावी. आणि कुठल्यातरी साक्षीदाराला खोटं पाडणं एवढाच त्याचा उपयोग नसावा.

यातल्या दुसऱ्या आणि शेवटच्या अटीवर जरा थांबा. दुसरी अट म्हणते, आधी प्रयत्न केला असता तर सापडलं असतं का? सापडलं असतं, तर ते नवं नाही. म्हणजे पुरावा जितका समोर, टेबलावर, फायलीत पडलेला, तितका तो कायद्याच्या लेखी जुना. वकिलाने फाइल उघडली नाही याची किंमत कैदी भरणार. आणि शेवटची अट म्हणते, साक्षीदार खोटारडा आहे एवढंच दाखवायचं असेल तर येऊ नका. आता ज्या खटल्यात साक्षीदारांशिवाय दुसरं काही नव्हतंच, त्या खटल्यातल्या माणसाने काय आणायचं?

'द थिन ब्लू लाइन' या चष्म्यातून पुन्हा बघा. मॉरिसकडे डीएनए नाही, ठसे नाहीत, लपवलेलं पिस्तूल नाही. त्याच्याकडे आहेत त्याच जुन्या साक्षी आणि तीच जुनी माणसं. टर्कोने आधी गाडीत एकच माणूस दिसल्याचं सांगितलं होतं, कोटाला केसाळ कॉलर होती असंही सांगितलं होतं. खटल्यापर्यंत ती कॉलर दाट केसांकडे सरकली. दाट केस अ‍ॅडम्सचे होते, केसाळ कॉलरचा कोट हॅरिसकडे होता. बाजूने गाडीतून जाताना खुनी बघितला असं सांगणाऱ्या एका बाईने पोलिसांना सुरुवातीला दिलेलं वर्णन भलत्याच वंशाच्या माणसाचं होतं. ओळख परेडमध्ये तिने चुकीचा माणूस दाखवला आणि बरोबर कोण ते शेजारच्या पोलिसाने तिला सांगितलं. हे मॉरिसशी बोलताना तिने स्वतःच, काही विशेष न वाटता सांगून टाकलं. कोर्टात मात्र तिने परेडमध्ये अ‍ॅडम्सलाच ओळखल्याची साक्ष दिली होती.

हे सगळं दहा-बारा वर्षं तिथेच पडून होतं. कागद फायलीत होते, माणसं जिवंत होती, विचारलं तर बोलत होती. मॉरिसने जे केलं त्याला शोध लावणं म्हणणं जड जातं. त्याने विचारलं आणि मग गप्प बसून ऐकलं. फिल्ममधल्या मुलाखती बघताना जाणवतं की माणसं मुख्यतः शांततेमुळे बोलतात. समोरचा मध्ये तोंड घालत नाही म्हटल्यावर बोलणारा आपणहून पुढचं वाक्य बोलतो, आणि बहुतेक वेळा त्या पुढच्या वाक्यातच सगळं असतं. उलटतपासणीत असं कधीच होत नाही. तिथे प्रश्न साक्षीदाराला कोपऱ्यात घेण्यासाठी असतो, त्यामुळे साक्षीदार तेवढंच आणि मोजून बोलतो.

मग अ‍ॅडम्स सुटला कसा? इथे प्रकरणाला एक वळण आहे, जे फिल्मवरच्या बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकलं जातं. ८ मे १९७९ ही त्याच्या मृत्युदंडाची तारीख ठरली होती. तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी स्थगिती दिली. पुढे १९८० मध्ये त्या न्यायालयाने मृत्युदंड रद्द केला. कारण निर्दोषत्वाशी संबंधित नव्हतं, ज्युरी निवडण्याची पद्धत चुकली होती. आठ न्यायमूर्ती एका बाजूला, विरोधात एकटे रेनक्विस्ट. आता खटला नव्याने चालणार, साक्षीदार पुन्हा उभे राहणार, असं वाटत असतानाच टेक्सासचे गव्हर्नर क्लेमेंट्स यांनी अ‍ॅडम्सची शिक्षा कमी करून जन्मठेप केली. वरवर बघता दया. प्रत्यक्षात मृत्युदंडच उरला नाही म्हटल्यावर त्यातली चूकही उरली नाही, आणि नवा खटला चालवायची गरजही उरली नाही. दयेने दार लावून घेतलं. ज्याला जीवदान मिळालं त्यालाच आपली बाजू पुन्हा मांडायची संधी नाकारली गेली.

दार उघडलं ते १९८८ च्या अखेरीस. फिल्म प्रदर्शित झाली होती, गाजत होती. डॅलसमध्ये न्यायाधीश लॅरी बराका यांच्यापुढे सुनावणी झाली. हॅरिस तोवर दुसऱ्या एका खुनासाठी मृत्युदंडाची वाट बघत तुरुंगात होता. अ‍ॅडम्स गाडीत नव्हता, असं त्याने तिथे सांगितलं. बराकांनी नव्या खटल्याची शिफारस केली. १ मार्च १९८९ ला टेक्सासच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने शिक्षा रद्द ठरवली, त्याच महिन्यात अ‍ॅडम्स बाहेर आला आणि सरकारी वकिलांनी आरोप सोडून दिले. नवा खटला कधी झालाच नाही.

पण निकालात कशावर बोट ठेवलं गेलं ते बघा. हॅरिस आता वेगळं बोलतोय हा काही त्याचा कणा नव्हता. सरकारी पक्षाने त्या बाईचं पहिलं वर्णन बचाव पक्षापासून दडवलं होतं आणि तिची परेडबद्दलची साक्ष खोटी आहे हे माहीत असूनही ती वापरली होती, हा होता. बचाव पक्षाला ते वर्णन कळलं तोवर तिची साक्ष उरकली होती, आणि तिला परत बोलवा म्हटल्यावर ती शहराबाहेर गेल्याचं कोर्टाला सांगण्यात आलं. ती डॅलसमध्येच होती. बचावाच्या उपयोगाचा पुरावा सरकारने दडवायचा नाही, हा नियम १९६३ मध्ये ब्रेडी विरुद्ध मेरिलँड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला होता. अ‍ॅडम्सला वाचवलं त्या नियमाने. म्हणजे 'नवा पुरावा' या दारातून तो आत आलाच नाही. 'लपवलेला पुरावा' या शेजारच्या दारातून आला.

फरक शब्दांचा वाटेल, पण सगळी गंमत आणि सगळी भीती त्यातच आहे. लपवणारा कोणी सापडला म्हणून अ‍ॅडम्स सुटला. कोणीच काही लपवलं नसतं, सगळे प्रामाणिकपणे चुकले असते, तर? निर्दोष तो तेवढाच असता. पण कोर्टाला दाखवायला त्याच्याकडे दुसऱ्याचा गुन्हा उरला नसता.

या 'तर'चं उत्तर चार वर्षांत आलं, तेही टेक्सासमधूनच. लिओनेल हेरेरा या कैद्याने म्हटलं की १९८१ मधला पोलिसाचा खून माझ्या आता मेलेल्या भावाने केला होता, आणि त्याची शपथपत्रं दिली. त्याच्याविरुद्धचा पुरावा अ‍ॅडम्सच्या प्रकरणापेक्षा कितीतरी भक्कम होता, हे आधीच सांगायला हवं. पण प्रश्न तत्त्वाचा होता. टेक्सासच्या नियमानुसार नव्या खटल्याची मागणी निकालापासून तीस दिवसांत करायची. हेरेराला दहा वर्षं झाली होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की मूळ खटला नीट चालला असेल, तर नुसत्या 'मी निर्दोष आहे' या दाव्यावर केंद्रीय न्यायालयं दखल घेणार नाहीत. अगदीच डोळे दिपवणारा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी असू शकते, एवढी फट त्यांनी ठेवली. आणि अशा माणसांनी कुठे जायचं? गव्हर्नरकडे, दयेसाठी. हा निकाल लिहिला होता रेनक्विस्ट यांनी. अ‍ॅडम्सच्या वेळी एकटे पडलेले तेच रेनक्विस्ट, आता सरन्यायाधीश. ज्या दयेने अ‍ॅडम्सचा नवा खटला रोखला होता, तीच दया आता शेवटचा आधार म्हणून दाखवली जात होती. हेरेराला त्याच वर्षी मे महिन्यात मृत्युदंड दिला गेला.

कायद्याची बाजूही ऐकून घेऊ, कारण ती पोकळ नाही. खटला कधीतरी संपायला हवा. वर्षं जातात तशी माणसं मरतात, आठवणी पुसट होतात, वस्तू हरवतात. दहा वर्षांनी चालवलेला खटला पहिल्यापेक्षा खरा असेल याची खात्री काय? मृत्युदंडाची वाट बघणाऱ्या हॅरिससारख्या माणसाने 'मीच केलं' म्हणायला काय पैसे पडतात? ज्यांचं माणूस मेलंय त्यांनी किती वेळा त्याच बाकावर येऊन बसायचं? आमच्याकडेही प्रत्येक बंद झालेलं तिकीट कोणीही केव्हाही उघडू शकत असतं तर एकही रिलीज बाहेर पडलं नसतं. फरक इतकाच की तिथे तिकिटाच्या आत कोणी माणूस बसलेला नसतो.

हे ताण 'द थिन ब्लू लाइन'मध्ये फारसे दिसत नाहीत. तिथे गोष्ट स्वच्छ आहे, निर्दोष कोण ते शेवटी कळतं. म्हणून तिच्यानंतर 'सीरियल' या पॉडकास्टचा पहिला सीझन ऐकायला हवा. २०१४ मध्ये सारा केनिगने बारा भागांत मांडलेलं हे प्रकरण आपल्या पिढीतल्या अनेकांनी ऑफिसच्या बसमध्ये हेडफोन लावून ऐकलंय. १३ जानेवारी १९९९ ला बाल्टिमोर परिसरातली हे मिन ली ही अठरा वर्षांची मुलगी नाहीशी झाली, पुढे तिचा मृतदेह एका पार्कमध्ये सापडला. तिचा आधीचा बॉयफ्रेंड अदनान सय्यद, वय सतरा, याला २००० मध्ये दोषी ठरवून जन्मठेप झाली. आधार मुख्यतः एका ओळखीच्या मुलाची साक्ष आणि मोबाइल टॉवरच्या नोंदी.

त्या नोंदींचं पुढे जे झालं ते कुठल्याही इंजिनियरने भिंतीवर लावून ठेवावं. मृतदेह सापडला त्या पार्कजवळच्या टॉवरवर संध्याकाळी सात वाजून गेल्यावर फोन आल्याची नोंद होती. पण मोबाइल कंपनीने नोंदी फॅक्स केल्या तेव्हा सोबतच्या कव्हरशीटवर स्पष्ट लिहिलं होतं की केलेल्या कॉलवरूनच ठिकाण ठरवता येतं, आलेल्या कॉलवरून ते विश्वासार्ह नाही. ते पान बचाव पक्षाच्या फायलीत खटल्यापासून होतं. कोणी वाचलं नाही. 'सीरियल'नेही नाही. ते दिसलं २०१५ मध्ये, दुसऱ्या एका पॉडकास्टमध्ये काम करणाऱ्या वकिलाला. लॉग एकीकडे आणि तो कसा वाचायचा याची टीप दुसरीकडे गेली की लॉग खोटं बोलायला लागतो. त्यासाठी कोणी खोडसाळ असावं लागत नाही.

आता हा पुरावा नवा की जुना? बेरीच्या अटीने जुना, कारण वाचता आला असता. म्हणून सय्यदच्या वकिलांनी शेजारचं तिसरं दार ठोठावलं: आमची आधीची वकील निष्काळजी होती. २०१६ मध्ये न्यायाधीश मार्टिन वेल्च यांनी याच कव्हरशीटवरून नव्या खटल्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने सांगितलं, हा मुद्दा तुम्ही वेळेत उचलला नाही, तो गेला; पण त्या दुपारी सय्यदला लायब्ररीत बघितल्याचं सांगणाऱ्या वर्गमैत्रिणीला वकिलाने कधी विचारलंच नाही, त्या कारणावर नवा खटला कायम. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तेही उलटवलं: वकील चुकली खरी, पण त्याने निकाल बदलला नसता. २०२२ मध्ये सरकारी वकिलांच्याच अर्जावर शिक्षा रद्द झाली, तो सुटला. २०२३ मध्ये शिक्षा परत लागू, कारण त्या सुनावणीची पुरेशी सूचना हे मिन लीच्या भावाला दिली नव्हती. २०२४ मध्ये तेच कायम. २०२५ मध्ये नव्या सरकारी वकिलांनी शिक्षा रद्द करण्याचा तो अर्जच मागे घेतला, आणि न्यायाधीशांनी वेगळ्या कायद्याखाली भोगलेली शिक्षा पुरेशी मानून त्याला मोकळं ठेवलं. आज तो बाहेर आहे आणि कागदोपत्री दोषी आहे. नवा खटला याही प्रकरणात झाला नाही.

ही यादी मुद्दाम पूर्ण दिली. यातल्या किती टप्प्यांवर 'त्याने केलं का?' हा प्रश्न विचारला गेला ते मोजा. वेळेत सांगितलं का, वकिलाने किती बघायला हवं होतं, कोणाला नोटीस गेली, हे विचारलं गेलं. 'नवा पुरावा' हा शब्द घटनेबद्दल काही सांगतच नाही. कोणी, केव्हा बघायला हवं होतं, एवढंच सांगतो. 'सीरियल'चं दुखणंही इथेच आहे. त्याने शंकेला इतकी चव आणली की पुढच्या भागाची वाट बघता बघता आपण हे मिन लीला विसरलो. तिचा भाऊ मध्ये उभा राहिला तेव्हा अनेक श्रोत्यांना तो अडथळा वाटला. तो आठवण करून देत होता की ही गोष्ट कोणाच्या मरणाची आहे.

मॉरिसवरही हा आरोप लागू होतो. रॉबर्ट वूड त्याच्या फिल्ममध्ये गोळ्या खाऊन पडणारी एक आकृती म्हणूनच राहतो. आणि दुसरी गोष्ट जास्त खटकणारी. बोलणाऱ्यांची नावं मॉरिस पडद्यावर देत नाही. केशरी कपड्यातला, हसरा, गोड बोलणारा हॅरिस कोण, कुठे बसून बोलतोय, हे आपल्याला बराच वेळ कळत नाही. मग तो डोकं खाजवायला हात वर करतो आणि हातातल्या बेड्या दिसतात. थिएटरमध्ये अंगावर काटा येतो. पण हेही माहिती दडवणंच झालं. साक्षीदाराची पार्श्वभूमी योग्य क्षणापर्यंत झाकून ठेवायची, हे सरकारी वकिलांनी ज्युरीसमोर केलं आणि मॉरिसने आपल्यासमोर. फरक एवढाच की मॉरिस शेवटी हात वर होऊ देतो. हा फरक पुरेसा आहे असं मला वाटतं, पण तो प्रत्येकाने स्वतः तपासावा, कारण त्याच्यानंतर आलेल्या ट्रू क्राइमच्या ढिगात बहुतेकांनी झाकणं तेवढं उचललं आणि तपासणं सोडून दिलं.

आपल्याकडे कायद्याची रचना वेगळी आहे. ज्युरी नाही, आणि अपील चालू असताना वरच्या न्यायालयाला जादा पुरावा घेता येतो. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ मध्ये होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ मध्ये आहे. पण अपिलं संपली की पुनर्विलोकन, क्युरेटिव्ह पिटिशन आणि दयेचा अर्ज अशा अरुंद गल्ल्याच उरतात. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' ज्यांनी बघितलाय त्यांना त्यातली सफाई कामगाराच्या बायकोची साक्ष आठवेल. नवरा दारू प्यायचा, गटारात उतरताना सुरक्षेची साधनं नसायची, हे ती एका सुरात सांगते. लोकशाहिराच्या गाण्याने त्याला आत्महत्येला लावलं, हा आरोप तिथेच कोसळतो. ती माहिती पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होती. तिला विचारायला कोर्टाला जितका वेळ लागला तितका वेळ म्हातारा शाहीर आत होता.

टेक्सासने पुढे काही गोष्टी सुधारल्या. १९९६ मध्ये तिथल्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने निर्दोषत्वाचा स्वतंत्र दावा मान्य केला. २०१३ मध्ये दोन कायदे झाले. एकाने सरकारी पक्षाची फाइल बचावाला उघडी केली, दुसऱ्याने विज्ञान बदललं तर शिक्षेला आव्हान द्यायची वाट दिली. दुसरा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. 'तुम्ही तेव्हा का बघितलं नाही?' याऐवजी 'आता आपल्याला काय कळलंय?' असं तो विचारतो. साक्षीदारांच्या बाबतीत असा प्रश्न विचारायला अजून कायदा कचरतो.

अ‍ॅडम्स बारा वर्षं आत होता. टेक्सासने त्याला भरपाई दिली नाही. सुटल्यावर आपल्या गोष्टीच्या हक्कांवरून त्याचा मॉरिसशीही कायदेशीर वाद झाला, तो तडजोडीने मिटला. २०१० मध्ये तो गेला. हॅरिसला २००४ मध्ये त्या दुसऱ्या खुनासाठी मृत्युदंड दिला गेला होता. वूडच्या खुनासाठी त्याच्यावर कधीच खटला चालला नाही.

फिल्म अजून बघितली नसेल तर बघा. एवढं सगळं सांगून टाकल्याने तिचं काही बिघडत नाही. शेवटच्या मुलाखतीच्या वेळी मॉरिसचा कॅमेरा बंद पडला होता, त्यामुळे पडद्यावर फक्त एक छोटा टेपरेकॉर्डर दिसतो, वेगवेगळ्या कोनांतून. अ‍ॅडम्स निर्दोष आहे हे तुला कसं माहीत, असं विचारल्यावर हॅरिस शांतपणे जे म्हणतो त्याचा अर्थ एकच: मला माहीत असणारच. ते ऐकताना एक करा. या वाक्यात नवं काय आहे ते शोधा. सोळाव्या वर्षी गावातल्या मित्रांना त्याने हेच सांगितलं होतं.